‘शेतकऱ्याचा असूड’ : वाक्यरचना आणि शेताची सीमा

कृषिपरिस्थितिकी ही संज्ञा बासिल बेन्सिन या रशियन कृषितज्ज्ञाने १९३० च्या सुमारास योजिली. जोतीराव फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ त्यापूर्वीच, १८८३ साली, लिहून पुरा झाला होता. एवढ्यावरून फुल्यांना या शास्त्राचे जनक ठरविण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. फुल्यांनी शास्त्र मांडिलेले नाही. शेत कोठे संपते, हा प्रश्न मात्र त्यांच्या गद्यात आहे, आणि त्यांच्या विधानांपेक्षा त्यांच्या वाक्यरचनेत तो अधिक स्पष्ट दिसतो.

अल्पभूधारकाच्या पूर्वस्थितीचे वर्णन या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. थोडी शेते असलेला कुणबी उंबर-जांभळांची फळे खातो, पळस-मोहाची पाने-फुले आणि लाकूडफाटा विकतो, गायरानाच्या भरवशावर एक-दोन गाई व दोन-चार शेळ्या पाळतो आणि आपल्या गावीच राहतो. या क्रिया फुल्यांनी ऊन-प्रत्ययान्त धातुसाधितांनी एकाच दीर्घ वाक्यात ओविल्या असून मुख्य क्रियापदे रीतिभूतकाळात ठेविली आहेत. रीतिभूतकाळाने एखादी घटना सांगितली जात नाही, रिवाज सांगितला जातो. रान, बाजार, गायरान आणि गोठा यांची येथे निरनिराळी वाक्ये होत नाहीत. व्याकरणाने जे एक वाक्य, तीच या कुणब्याची एक शेती होय. नांगराखालची जमीन तिचा केवळ एक भाग.

लगेच जंगलखाते येते. १८७८ चा वनकायदा तेव्हा नवा होता. डोंगर, दरीखोरी, पडीक जमिनी आणि गायराने या खात्यात गेली, अशी फुल्यांची तक्रार आहे. येथे कर्ता बदलतो. आतापर्यंत कर्तृस्थानी शेतकरी होता; आता तेथे सरकारी अंमलदार आले आणि शेतकरी परिणाम भोगणारा झाला. महसुली दप्तरातील त्याच्या क्षेत्रफळात यामुळे एका गुंठ्याचाही फरक पडला नसेल. शेती मात्र तुटली.

उपाययोजना सांगताना क्रियापदे विध्यर्थी होतात. डोंगरावरील पाने-फुले आणि मेलेल्या जनावरांची हाडे-मांस कुजून झालेले सत्त्व वळवाच्या पावसाने ओढ्यांत वाया जाऊ नये, ते शेतांत मुरावे, म्हणून सरकारने लष्करातील व पोलिसांतील शिपायांकडून तालीवजा बंधारे बांधवून घ्यावेत, असे फुले सुचवितात. ‘सत्त्व’ हा शब्द विचार करण्याजोगा आहे. नाचणीचे सत्त्व आपण लहान मुलास देतो. येथे तेच जमिनीस मिळावे, असे म्हटले आहे. ‘पोषकद्रव्ये’ या आजच्या पारिभाषिक शब्दाने मोजमाप साधते, परंतु मातीचा आहार आणि माणसाचा आहार यांस जोडणारा हा धागा त्यात उरत नाही.

अल्बर्ट हॉवर्ड यांनी यशवंत वाड यांच्यासह १९३१ साली इंदूरच्या खतपद्धतीवर ग्रंथ लिहिला, तेव्हा त्यांनीही कुजण्याच्या क्रियेस केंद्रस्थान दिले. तथापि काडीकचरा व शेण शेतकऱ्याच्या हाताशी आहे, हे त्या पद्धतीत गृहीत आहे. फुल्यांच्या लेखी सत्त्वाचे मूळ डोंगरावर आहे, आणि डोंगर खात्याच्या ताब्यात.

या विचारास मर्यादा नाहीत असे नव्हे. ज्या सरकारने डोंगर बंद केला त्यानेच बंधारे बांधावेत, ही अपेक्षा भाबडी वाटते. शिवाय फुल्यांना तलाव-धरणे हवी आहेत, कालव्याच्या पाण्यासाठी शेतोशेती तोट्या हव्या आहेत, परमुलुखांतील उत्तम शेळ्यामेंढ्याही हव्या आहेत. बाहेरून आणलेल्या प्रत्येक साधनाचे विरोधक म्हणून त्यांना पुढे करणाऱ्यांची यामुळे अडचण होते. ती होऊ द्यावी.

आपल्याकडे ‘शाश्वत शेती’ हा प्रयोग प्रायः खताच्या निवडीपुरता उरला आहे: रासायनिक की सेंद्रिय? बांधाच्या आत काय घालावे, एवढेच त्यात विचारले जाते. बांधाबाहेरील रानावर हक्क कोणाचा, हा प्रश्न वनविषयक म्हणून निराळ्या कप्प्यात जातो. २००६ च्या वनहक्क कायद्याने चराईचे व गौण वनोपजाचे सामूहिक हक्क मान्य केले, आणि २००९ साली गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावास सामूहिक वनहक्क मिळाला. अशा एखाद्या गावातील रान, गायरान, गोठा आणि शेत यांची, फुल्यांचे ते दीर्घ वाक्य समोर ठेवून, एकत्र पाहणी करणे आपल्या विद्यार्थ्यांस अशक्य नाही. तेथील माणसे या चारांसाठी कोणती क्रियापदे वापरतात, त्यांचा काळ कोणता आणि कर्ता कोण, याचीही नोंद त्याच पाहणीत व्हावी.