‘२५ अंश, ६० टक्के, ४०० पीपीएम’: एका वाक्यावरचे आक्षेप

वनस्पतिशास्त्रातला किंवा कृषीतला कुठलाही शोधनिबंध उघडा आणि थेट ‘साहित्य व पद्धती’वर जा. बंदिस्त खोलीत रोपं वाढवली असतील, तर तिथे साधारण असं एक वाक्य असतं: ‘रोपे ग्रोथ चेंबरमध्ये २५ अंश सेल्सिअस तापमान, ६० टक्के सापेक्ष आर्द्रता आणि ४०० पीपीएम कार्बन डायऑक्साइड या स्थितीत वाढवली.’ तुम्ही ते वाचता न वाचता पुढे जाता, कारण खरी मजा निकालांत असते. आणि वर्षा-दोन वर्षांनी तुमच्या प्रबंधात तुम्हीही हेच वाक्य लिहिणार असता. म्हणून आज फक्त या वाक्याचं परीक्षण करू.

पहिली गोष्ट. हे आकडे बहुतेक वेळा यंत्राला दिलेल्या आज्ञेचे असतात. झाडाला प्रत्यक्षात काय मिळालं, कुठे मोजलं, किती वेळाने मोजलं, यातलं काहीच त्यातून कळत नाही. पण समजा आकडे अगदी खरे आहेत. तरीही अडचण संपत नाही, आणि ती सगळ्यात जास्त आर्द्रतेच्या आकड्यात आहे.

‘६० टक्के’ म्हणजे कशाच्या ६० टक्के? त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जेवढी वाफ मावते, तिच्या. २० अंशाला संपृक्त बाष्पदाब सुमारे २.३४ किलोपास्कल असतो, २५ ला ३.१७, आणि ३० ला ४.२४. आता ६० टक्के धरून प्रत्येक ठिकाणी तूट काढा: ०.९४, १.२७, १.७०. ही तूट, म्हणजे व्हीपीडी, पानातून पाणी ओढून घेते. तीन चेंबर, तिन्हींवर ‘आर्द्रता ६० टक्के’ अशी पाटी, आणि तिसऱ्यातल्या रोपावरचा ताण पहिल्यातल्यापेक्षा जवळपास दुप्पट! तापमानाच्या दोन ट्रीटमेंटची तुलना करताना ‘आर्द्रता दोन्हीकडे समान ठेवली’ असं लिहिणारा लेखक खरं तर दोन गोष्टी एकदम बदलून बसलेला असतो. त्याचं ‘उष्णतेमुळे वाढ खुंटली’ हे विधान कदाचित कोरड्या हवेबद्दलचं असेल.

अजून एक पायरी खाली उतरू. झाडाला हवेच्या तापमानाशी थेट घेणंदेणं नसतं, पानाच्या तापमानाशी असतं. २५ अंश, ६० टक्के या हवेत वाफेचा दाब १.९० किलोपास्कल. पान २३ अंशाला असेल तर पानाच्या आतून बाहेरची तूट ०.९१ येते, आणि दिव्याच्या उष्णतेने पान २७ ला गेलं असेल तर १.६७. हवा तीच, पाटी तीच. सोडियम दिव्यांच्या जागी एलईडी आले की अवरक्त किरणांचा मारा कमी होतो आणि नेमका हाच फरक पडतो. पानाचं तापमान दिलेले निबंध मला फार थोडे भेटले आहेत. ते मोजायला लागणारं उपकरण काही दुर्मीळ नाही, हे विशेष.

दुसरा आक्षेप वाक्याच्या रचनेवर आहे. स्वल्पविराम देऊन तीन आकडे शेजारी मांडले की वाटतं, या तीन स्वतंत्र कळा आहेत, एक फिरवली तर बाकीच्या दोन जागच्या जागी राहतील. बंद खोलीत असं होत नाही. एसी हवा थंड करताना तिच्यातलं पाणीही काढतो. डीह्युमिडिफायर पाणी काढतो, पण प्रत्येक लिटरमागे सुमारे ०.६८ युनिट सुप्त उष्णता खोलीतच सोडतो, वर त्याच्या कॉम्प्रेसरची उष्णता वेगळी. मग एसी जास्त चालतो. रात्री दिवे विझले की उष्णतेचं मुख्य कारणच जातं, कॉम्प्रेसर थांबतो, आणि पाणी काढणंही थांबतं. कुंड्यांतली ओली माती मात्र वाफ सोडतच राहते. दिवसा २५ अंशाला ७० टक्के असलेली हवा, तिच्यात एक थेंबही न वाढता, २० अंशावर आली की ९५ टक्क्यांवर जाते. बुरशीला एवढं पुरतं. आपल्या वाक्यात ही रात्र कुठे आहे? दिवसरात्रीची सरासरी काढून ‘७५ टक्के’ छापलं, तर तो आकडा कुठल्याच तासाचा नसतो.

कार्बन डायऑक्साइडचंही तेच. तो वाढवला की पर्णरंध्रं आकसतात, बाष्पोत्सर्जन घटतं, पान थोडं तापतं आणि खोलीत वाफ कमी पडते. म्हणजे ‘७०० पीपीएमचा परिणाम’ मोजताना आर्द्रता आणि पानाचं तापमान हे दोघं न बोलावता आलेले असतात. परिणामाचा तो खराखुरा भाग आहे असं तुम्ही म्हणू शकता, शेतातही पान तापेलच. पण मग तसं लिहा, आणि आर्द्रता नियंत्रकाने तो भाग किती पुसून टाकला तेही लिहा.

इथे एका चांगल्या निबंधाबद्दल बोलायला हवं. कॅथरीन मासोने आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ‘प्लांट फिजिऑलॉजी’त एक प्रयोग छापला: अरॅबिडॉप्सिसचे तीन जनुकप्रकार, दहा प्रयोगशाळा, तपशीलवार लिहिलेली एकच पद्धत. चार प्रयोगशाळांचे पानांच्या वाढीचे निकाल एकमेकांशी जुळले. बाकीच्यांतल्या काहींचे लक्षणीय वेगळे आले, आणि काही वेळा जनुकप्रकारांचा क्रमही बदलला. तुम्ही वाण निवडीवर काम करणार असाल तर हे वाक्य परत वाचा. राहुरीत पहिला आलेला वाण अकोल्यात दुसरा येणं आपण हवामानावर ढकलतो. इथे तर हवामान सगळीकडे ‘सारखं’ होतं. लेखकांनी मुख्य बोट ठेवलं ते प्रकाशाच्या गुणवत्तेवर आणि रोपं हाताळण्याच्या पद्धतीवर, म्हणजे आपल्या तीन आकड्यांच्या वाक्यात ज्यांचा उल्लेखही नसतो त्यांवर. माझं मतभेदाचं ठिकाण एकच. चार जुळले म्हणजे प्रमाणीकरण शक्य आहे, असा त्यांचा सूर आहे. मला त्याच आकड्यात दहापैकी सहा दिसतात, आणि तेही मुद्दाम एकत्र येऊन, काळजी घेऊन काम करणाऱ्यांपैकी. एरवीच्या निबंधांचं काय होत असेल?

तिसरा आक्षेप तुमच्या स्वतःच्या प्रबंधाला सगळ्यात जवळचा आहे. विभागात दोन चेंबर असतात. एकात ४०० पीपीएम, दुसऱ्यात ७००, प्रत्येकी वीस कुंड्या. विश्लेषणात n = २० लिहिलं जातं. पण ट्रीटमेंट कुंडीला दिलेली नाही, चेंबरला दिली आहे. त्यामुळे खरा n आहे एक. दुसऱ्या चेंबरचा पंखा जोरात असेल, दिवे जुने असतील, तर तो सगळा फरक कार्बन डायऑक्साइडच्या नावावर जमा होतो. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये या प्रकाराला ‘स्यूडोरेप्लिकेशन’ हे नाव दिलं, आणि तो आजही चालू आहे. जास्त चेंबर मिळणार नाहीत, मान्य. पण ट्रीटमेंटची अदलाबदल करून प्रयोग पुन्हा करता येतो. वेळ दुप्पट लागतो, म्हणून पहिल्या सहा महिन्यांतच गाईडशी बोला, शेवटच्या सहा महिन्यांत नको.

याच प्रकारच्या बंदिस्त प्रयोगांवर भविष्यातल्या अन्नधान्याचे अंदाज उभे राहिले. २००६ मध्ये स्टीफन लाँग आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये दाखवलं की उघड्या शेतात, वर्तुळाकार नळ्यांमधून कार्बन डायऑक्साइड सोडून केलेल्या ‘फेस’ प्रयोगांत उत्पन्नवाढ बंदिस्त प्रयोगांच्या सुमारे निम्मीच येते. पुढच्याच वर्षी फ्रान्चेस्को तुबिएल्लो आणि सहकाऱ्यांनी फरक एवढा मोठा नाही असा प्रतिवाद केला. शिवाय शेतातल्या प्रयोगातही वाऱ्याबरोबर पीपीएम क्षणाक्षणाला वरखाली होतो, त्याचा पिकावर परिणाम होतो अशी टीका आहेच. कोण बरोबर, हा वाद ज्याला ठरवायचा असेल त्याला जुन्या निबंधांतून पानाचं तापमान, व्हीपीडी, हवेचा वेग काढावा लागेल. आणि तिथे सापडतं काय? आपलं ते एक वाक्य.

सेन्सरबद्दल थोडं, कारण इथे चांगले चांगले फसतात. स्वस्त कार्बन डायऑक्साइड सेन्सरांपैकी अनेकांत आपोआप दुरुस्तीची सोय असते: गेल्या काही दिवसांतलं सर्वात कमी वाचन म्हणजे बाहेरची ताजी हवा, साधारण ४०० पीपीएम, असं तो गृहीत धरतो. घरात किंवा ऑफिसात हे ठीक आहे. तुमची खोली सतत ८०० वर असेल तर तो हळूहळू ८०० लाच ४०० म्हणायला लागेल, आणि नियंत्रक अजून वायू सोडत राहील. ही सोय आधी बंद करा. आणि तुमचा श्वास मोजा. शांत उभा माणूस तासाला १५ ते २० लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. तीन बाय तीन मीटरच्या, अडीच मीटर उंच खोलीत ही हवा जाणार कुठे? अर्ध्या तासात पीपीएम तीनशेने वाढतो. ४०० वाल्या खोलीत तुम्ही पानं मोजत बसलात, तर तेवढा वेळ ती ७०० वाली खोली असते.

मग त्या वाक्याच्या जागी काय लिहायचं? नमुन्यादाखल, आकडे काल्पनिक: ‘दिवसा हवा २५ ± ०.६ अंश, रात्री २० ± ०.८, व्हीपीडी दिवसा १.२, रात्री ०.५ किलोपास्कल, पानाचं तापमान दिवसा हवेपेक्षा १.५ अंश कमी. कार्बन डायऑक्साइड ४१० ते ४६०, मोजमापाच्या वेळी कमाल ६२०. सेन्सर रोपांच्या शेंड्याच्या उंचीवर, सावलीत, हवेच्या झोतात. नोंद दर पाच मिनिटांनी. प्रयोगाआधी व नंतर तपासणी. चेंबर अदलून प्रयोग दोनदा.’ परीक्षक म्हणतील, फार लांब झालं. तसं झालं तर निबंधात दोन ओळी ठेवा आणि पाच-पाच मिनिटांची सगळी कच्ची नोंद पूरक माहितीत टाका. तिथे पानांची मर्यादा नसते.