चिन्ह मधेच कशाला?

आज एका साध्या ओळीपासून सुरुवात करू. ८ − ३ + २. उत्तर सात. पण शाळेत घोकलेलं 'कंचेभागुबेव' शब्दशः पाळलं तर बेरीज आधी, वजाबाकी नंतर. म्हणजे आठातून पाच गेले, उरले तीन! या दोन क्रिया एकाच दर्जाच्या आणि डावीकडून क्रमाने करायच्या, हे त्या सूत्रात कुठेच नाही. तीन लिहिणाऱ्या मुलाला चुकीची फुली मिळते. त्याने तर सांगितलेलंच पाळलं ना?

मग दोष चिन्ह मधे बसवण्याचा का? पोलिश तर्कशास्त्रज्ञ यान वुकाशेविच यांनी १९२४ मध्ये चिन्ह आधी लिहायची रीत सुचवली. आपली ओळ तिथे + − ८ ३ २ अशी होते. कंस नको, अग्रक्रम नको. चिन्ह शेवटी टाकलं, ८ ३ − २ +, तरी तेच. १९७२ च्या एचपी-३५ या खिशातल्या गणकयंत्रावर क्रियेचं बटण असंच शेवटी दाबायचं. आपल्याला यात नवल वाटू नये. 'आठातून तीन वजा कर, त्यात दोन मिळव', मराठीत क्रियापद शेवटीच येतं की! भास्कराचार्यांच्या बीजगणितातही दोन अव्यक्तांचा गुणाकार 'याकाभा' असा आहे. 'या' आणि 'का' ही अव्यक्तं, आणि मागाहून 'भा', म्हणजे भावित, गुणाकार.

तर्कशास्त्राच्या वर्गात आम्ही वर्षानुवर्षं सांगत आलो की पोलिश रीतच निर्दोष, मधलं चिन्ह संदिग्ध. आता तितकंसं पटत नाही. २ + ३ + ४ घ्या. कंस कुठेही घाला, नऊच येणार. हाच साहचर्याचा नियम, आणि मधलं चिन्ह तो कंस न घालता डोळ्यांना दाखवतं. पोलिश रीतीत मात्र + + २ ३ ४ किंवा + २ + ३ ४, यांतलं एक निवडावंच लागतं. जिथे निवडण्यासारखं काही नाही, तिथे निवड लादायची! ही संदिग्धता दोष नव्हे, ती त्या क्रियेचा गुण सांगते. वजाबाकीत आणि भागाकारात हा नियम चालत नाही, तिथे कंस घालावा.

मोबाइलवर फिरणारं ते कोडं पाहिलंच असेल, ८ ÷ २(२ + २). एक की सोळा, म्हणून शिकलेली माणसं हमरीतुमरीवर येतात. आमच्या मते तो गणिताचा प्रश्नच नव्हे. लिहिणाऱ्याने एक कंस खिशात घातलाय, आणि तो परत मागायचं सोडून आपण उत्तरावर भांडतोय.