पांढऱ्या शीटमधलं पुस मॉथ

येडगावच्या माझ्या एका मित्राने पांढऱ्या प्लास्टिकच्या शीटमधून डी हॅविलँड पुस मॉथ हे विमान बांधलं आहे. प्रमाण एकास चोवीस. खऱ्या विमानाचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत ११.२० मीटर भरतात, इथे ते पावणेसत्तेचाळीस सेंटिमीटरच्या आसपास आहेत, ७.६२ मीटरची लांबी पावणेबत्तीस सेंटिमीटरवर आली आहे. तयार किटमध्ये भाग साच्यातून निघालेले असतात, त्यांच्यावर आकडे असतात. इथे तसं काही नाही. वरून, बाजूने आणि समोरून काढलेला आराखडा, कटर, पोलादी पट्टी, गुण्या, कानस, पॉलिश पेपर आणि शीट, एवढ्यावर हे काम उभं आहे. अजून रंग दिलेला नाही. मला ते याच अवस्थेत पाहायला मिळालं याचा आनंद वाटतो, कारण रंग चढला की जोड झाकले जातात आणि या कलेची खरी करामत जोडातच असते.

ही शीट म्हणजे पॉलिस्टायरीन. फ्रीजचं दार उघडल्यावर आतली जी पांढरी भिंत दिसते, ती बहुधा याच जातीच्या प्लास्टिकची असते. ही शीट आरपार कापत नाहीत. अर्ध्या जाडीपर्यंत कटरची रेघ मारायची आणि तिथे वाकवायचं, की ती कट् करून सरळ तुटते. जोडायला डिंक लागत नाही. दोन कडा टेकवून ब्रशने पातळ सॉल्व्हंट लावलं, की ते फटीत आपणहून ओढलं जातं, दोन्ही कडा किंचित विरघळतात आणि वाळल्यावर एकजीव होतात. एकदा बसलेला जोड सुटत नाही, म्हणून हात लावण्याआधी विचार पुरा झालेला असावा लागतो.

पण या शीटचा मुख्य स्वभाव वेगळाच आहे. ती एका दिशेने वाकते, दोन दिशांनी एकदम वाकत नाही. वहीचं पान हातात घेऊन बघा: त्याची नळी होते, वाटी होत नाही. विमान तर जागोजागी वाटीसारखी गोलाई मागतं. मॉडेल बांधणाऱ्याची सगळी बुद्धी या एका नकाराशी बोलणी करण्यात जाते, आणि त्याने कुठे माघार घेतली, कुठे वाट काढली, कुठे हट्ट धरला हे बघणं म्हणजेच या कामाचं रसग्रहण. हॅरी वुडमन या ब्रिटिश कारागिराने १९७५ साली या पद्धतीवर आख्खं पुस्तक लिहिलं. त्याला पहिल्या महायुद्धातल्या विमानांची ओढ होती. लाकडी सांगाडा आणि वर कापड अशी ती विमानं; शीटच्या स्वभावाला ती मानवतात.

पुस मॉथची निवड त्याच शहाणपणाची. त्याचं धड पोलादी नळ्यांच्या चौकटीवर कापड ताणून केलेलं, त्यामुळे बाजू बऱ्याच सपाट. सपाट म्हणजे सोपं, असं ज्याला वाटेल त्याने हे मॉडेल वरून पाहावं. केबिनपासून शेपटीकडे दोन्ही बाजू आत येत जातात. डावी शीट उजवीपेक्षा केसभर जास्त वाकली तरी शेपूट एका अंगाला जाते, आणि मग पुढे कितीही देखणं काम केलं तरी विमान तिरकंच दिसतं. मित्राने आत ठरावीक अंतरावर आडवे पडदे बसवून ही ओढ दोन्ही बाजूंना सारखी वाटली आहे. शेपटीकडून एक डोळा मिटून पाहिलं तेव्हा मधली रेघ नाकापर्यंत सरळ गेलेली दिसली.

पंखांवर मी सगळ्यात जास्त वेळ रेंगाळलो. खऱ्या पंखात फासळ्या असतात, त्यांच्यावर कापड ताणलेलं, आणि दोन फासळ्यांच्या मध्ये ते अगदी थोडं खाली बसतं. हौशी कारागीर इथे भान सोडतात. इतके खड्डे पाडतात की पंख दुष्काळातल्या जनावरासारखा बरगड्या दाखवू लागतो. इथे रिकाम्या बॉलपेनने शीटच्या आतल्या बाजूवर रेघा दाबल्या आहेत. बाहेर त्यांचा जो उठाव येतो तो डोळ्यांना समोरून दिसत नाही, उजेड तिरपा पडला तरच दिसतो. हा संयम मला फार मोलाचा वाटतो. पंखाची पुढची कड शीट गरम पाण्यात मऊ करून एकाच घडीत वळवली आहे, तिथे जोडच नाही.

मागची कड हा खरा पेच. पाव मिलिमीटरची शीट हाताला पातळ लागते, पण चोवीसने गुणली की ती सहा मिलिमीटरची होते. वरची आणि खालची अशा दोन शीट एकत्र आल्या की खऱ्या मापात बारा मिलिमीटरची बोथट कड तयार होते. खऱ्या विमानाच्या कापडापुढे ती फळीच म्हणायची. मित्राने दोन्ही शीट जोडण्याआधी आतून घासल्या आहेत, इतक्या की कड उजेडासमोर धरली तर प्रकाश दुधासारखा झिरपतो. हे काम बाहेरून कधीच कुणाला दिसणार नाही. पंखाला पंखपण मात्र तिथूनच आलं आहे.

नाकाशी शीटचा नकार टोकाला जातो. पुस मॉथचं १२० अश्वशक्तीचं जिप्सी इंजिन उलटं बसवलेलं, सिलिंडर खाली. त्यामुळे वैमानिकाची पुढची नजर मोकळी राहते आणि नाक निमुळतं होतं. त्यावरचं झाकण दोन्ही दिशांनी गोल आहे. इथे कापून-वाकवून भागत नाही. आधी लाकडाचा साचा कोरायचा, शीट तापवून ती ढिली पडली की साच्यावर ओढायची. मऊ अवस्था फार थोडा वेळ टिकते, तेवढ्यात हात ठाम असावा लागतो.

येडगावपासून जवळच खोडदला याच प्रश्नाचं अगदी वेगळं उत्तर उभं आहे. जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीची प्रत्येक तबकडी ४५ मीटर व्यासाची. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती भरीव पत्र्याची केली नाही. तारांच्या दोरांची जाळी ताणून तिच्यावर स्टेनलेस स्टीलची बारीक तारजाळी बसवली. छोटे छोटे सपाट तुकडे मिळून वाटीचा आकार जमवतात. ज्या रेडिओ लहरी तिथे टिपायच्या त्या वीतभर ते दोन-एक मीटर लांबीच्या, त्यांना सपाट तुकड्यांचे कोपरे खुपत नाहीत. माणसाचा डोळा इतका उदार नाही. विमानाच्या नाकावरचा अर्ध्या मिलिमीटरचा सपाटपणा त्याला लगेच सापडतो. मी तो शोधला. या नाकावर तो नाही.

हेच विमान का, तर जुहूसाठी. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले ते पुस मॉथमधूनच. पुढे नेव्हिल व्हिन्सेंट ते टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला घेऊन गेला. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते. टाटांच्या हवाई टपालसेवेचा आरंभ असा तीन माणसं जेमतेम मावतील एवढ्या केबिनमध्ये झाला, ही गोष्ट मॉडेल हातात घेतल्यावर जशी कळते तशी वाचून कळत नाही.

चाकांच्या दांड्यांवरची पातळ आवरणं मला विशेष आवडली. खऱ्या विमानात ती नव्वद अंशांत फिरवता येत, वाऱ्याला आडवी झाली की उतरताना वेग कमी करत. मित्राने मॉडेलमध्येही ती फिरती ठेवली आहेत. पंख मागे दुमडण्याची सोयही खऱ्यासारखीच.

खटकली ती चाकं. शीटच्या चकत्या एकावर एक चिकटवून, ड्रिलवर फिरवून घासलेली. अगदी निर्दोष गोल. पण जमिनीवर उभ्या विमानाचा टायर वजनाने खाली जरा बसतो. तो बसलेला नाही, म्हणून एवढं भारदस्त विमान टेबलावर टेकल्यासारखं वाटत नाही. खाली दोन वेळा कानस फिरवली की काम होईल.

रंगाबद्दल आमचं एकमत नाही. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदला जुन्नर-आंबेगावच्या शाळांतली मुलं आपापली मॉडेलं घेऊन येतात. तिथे हे ठेवायचं झालं तर उजवा पंख रंगवावा, डावा पांढरा राहू द्यावा, आणि शेजारी लाकडी साचा व एक कोरी शीट मांडावी, असं मी त्याला सांगितलं आहे. तो अर्धं काम दाखवायला तयार नाही. मी अजून आग्रह सोडलेला नाही.