प्रदर्शन पेपरसारखं वाचायचं कसं? हिवाळा, चर्चगेट लोकल आणि सुधीर पटवर्धन

गाईड म्हणतात, "पेपर क्रिटिकली वाच." ठीक आहे, पण म्हणजे नेमकं करायचं काय, हे फारसं कुणी शेजारी बसून दाखवत नाही. म्हणून आज पेपर बाजूला ठेवू आणि चित्रांचं प्रदर्शन घेऊ. एक तर हिवाळा आहे. तुमच्या नेट-सेटच्या तारखा आणि मुंबईतली मोठी प्रदर्शनं दरवर्षी एकाच सुमाराला येतात, त्यामुळे अभ्यासातून एक दुपार काढायला निमित्त मिळेल. दुसरं म्हणजे चित्राखाली 'निष्कर्ष' असा मथळा नसतो. काय दिसलं आणि त्यावरून काय म्हणता येतं, हे तुमचं तुम्हालाच वेगळं करावं लागतं.

सुरुवात एका विधानापासून करू. मीरा रोड-भाईंदरमध्ये राहणाऱ्या कुणालाही विचारा, हेच ऐकायला मिळेल: "आपल्याकडे बघण्यासारखं काही नसतं, कला म्हणजे टाऊनात." तुम्हीही हे म्हटलं असेल. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या ८,०९,३७८ होती. एवढ्या माणसांबद्दलचं विधान आपण किती निरीक्षणांवरून करतो? खरं तर एकाच: जहांगीर आर्ट गॅलरीसारखी जागा इथे नाही. म्हणजे 'कला' या चलाची व्याख्या आपण 'दक्षिण मुंबईसारखं दालन' अशी केली, मग ते दालन इथे शोधलं, सापडलं नाही, आणि निष्कर्ष काढला. पेपरात असं कुणी केलं तर रिव्ह्यूअर पहिल्याच पानावर लाल पेन काढेल.

पण त्या विधानात तथ्यही आहे, ते टाळून चालणार नाही. हिवाळ्याचं कॅलेंडर पाहा. महालक्ष्मी रेसकोर्सवरचा 'आर्ट मुंबई' मेळा २०२३ पासून नोव्हेंबरात भरतो. जानेवारीत मुंबई गॅलरी वीकेंड, तो २०१२ पासून. जानेवारी-फेब्रुवारीच्या सांध्यावर काळा घोडा महोत्सव, १९९९ पासून, नऊ दिवस, प्रवेश मोफत. १८८८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीचं वार्षिक प्रदर्शन आणि कला संचालनालयाचं राज्य कला प्रदर्शन यांचीही चर्चा याच महिन्यांत जास्त असते. यातलं जवळजवळ सगळं वांद्र्याच्या दक्षिणेला. मीरा रोडहून चर्चगेट चाळीसेक किलोमीटर. (विरार फास्टमध्ये चढायचा प्रयत्न करू नका. चढू देतील, पण उतरू देणार नाहीत.)

आता ज्या प्रदर्शनाबद्दल मला खरं बोलायचंय त्याकडे येते. नोव्हेंबर २०१९ ते फेब्रुवारी २०२० या हिवाळ्यात मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात सुधीर पटवर्धनांचं सिंहावलोकन भरलं होतं. क्युरेटर नॅन्सी अदजानिया. मी तेव्हा एमएस्सीला होते. पटवर्धनांचा जन्म १९४९ चा, पुण्यातला. १९७२ मध्ये ते आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजातून डॉक्टर होऊन बाहेर पडले, पुढच्या वर्षी मुंबईत आले आणि १९७५ ते २००५ अशी तीस वर्षं ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करत चित्रं काढत राहिले. चित्रकलेचं रीतसर शिक्षण नाही. आपलाच ठाणे जिल्हा, आपलीच लोकल, आपल्याच खाडीकाठची दमट हवा.

इथे पहिला सापळा येतो. त्यांच्याबद्दल जो तो लिहितो की डॉक्टर असल्यामुळे त्यांना माणसाचं शरीर इतकं कळलं. वाचायला छान वाटतं. पण तुम्ही विज्ञानाचे विद्यार्थी आहात, थोडं थांबा. तीस वर्षं एक्स-रे पाहणारे रेडिओलॉजिस्ट देशात असंख्य आहेत, त्यांच्यापैकी किती जणांनी 'ट्रेन' (१९८०) काढलं? शिवाय एक्स-रे शरीराच्या आतलं दाखवतो, आणि पटवर्धनांच्या चित्रांत जे दिसतं ते सगळं बाहेरचं आहे: कातडी, वजन, बसण्याची ढब, कामावरून परतणाऱ्या खांद्यांचा थकवा. व्यवसायाने त्यांना काय दिलं असेल तर माझ्या मते नजर नव्हे, माणसं दिली. दवाखान्यात रोज येणारी, कपडे उतरवून मशीनसमोर उभी राहणारी, वेगवेगळ्या थरांतली माणसं. संशोधनाच्या भाषेत हा नमुन्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग झाला, पद्धत नाही. तुम्ही प्रबंधात या दोन गोष्टींची गल्लत कराल, आत्ताच सांगून ठेवते.

दुसरं चित्र 'लोअर परळ' (२००१). गिरण्यांचं परळ आणि टॉवरांचं परळ एकमेकांत घुसतानाचा काळ. या चित्रासमोर मी बराच वेळ उभी होते, कारण त्यातलं सगळं एका जागेवरून दिसणं शक्यच नाही. अनेक जागांवरून पाहिलेलं एका पटावर जोडलंय. प्रयोगशाळेत मी मायक्रोस्कोपच्या प्रतिमांचे तुकडे जोडून मोठी प्रतिमा बनवते, तेव्हा सांधा दिसू नये म्हणून सॉफ्टवेअर जिवाचा आटापिटा करतं. पटवर्धन सांधा जाणवू देतात. रस्ता एका ठिकाणी वळतो तो रस्ता वळतो म्हणून नाही, पाहणारा हललाय म्हणून. शहर बदलताना पाहणारा एका जागी स्थिर राहूच शकत नाही, हे त्या चित्रात वाक्याशिवाय सांगितलंय. माझ्या लेखी त्या प्रदर्शनातलं सगळ्यात पक्कं 'रिझल्ट' तेच.

आता तक्रार. 'इराणी रेस्टॉरंट' (१९७७) किंवा 'ट्रेन'मध्ये माणूस चित्राची जागा अडवतो, तुमच्या अंगावर येतो. मोठ्या पॅनोरमांमध्ये तो लहान होतो आणि शहर मोठं होतं. स्केल बदलली की निरीक्षण बदलतं, हे मान्य. पण कधीकधी मला वाटलं, वरून पाहणारा हा माणूस नेमका कुठे उभा आहे? कुणाच्या गच्चीवर? आपण पेपरात उपकरणाची जागा, कोन, अंतर लिहितो. जवळच्या चित्रांत चित्रकाराची जागा कळते: समोरच्या बाकावर. लांबच्या चित्रांत ती कधी धूसर होते, आणि मग चाळीतली माणसं नकाशावरचे ठिपके व्हायला लागतात. इतक्या वर्षांचं काम एकत्र मांडल्यावर हे उघडं पडतं. सिंहावलोकनाचा उपयोगच तो. एकेका चित्रात न दिसणारा कल एकत्र मांडल्यावर दिसतो, मेटा-अ‍ॅनालिसिससारखा.

पटवर्धनांचं आणखी एक काम तुम्हाला माहीत असायला हवं. २००८-०९ मध्ये त्यांनी 'विस्तारणारी क्षितिजे' नावाचं प्रदर्शन महाराष्ट्रातल्या वेगवेगळ्या शहरांत फिरवलं. आधुनिक आणि समकालीन चित्रं लोकांच्या गावी नेली. प्रेक्षक चर्चगेटला येत नसेल तर दोष प्रेक्षकाचा, असं आपल्याकडे गृहीत धरतात. इथे उलटं गृहीतक घेतलं आणि ते तपासलं.

आता तुमच्यापैकी जे स्वतः चित्रं काढतात त्यांच्यासाठी. प्रत्येक वर्गात असा एक जण असतोच, जर्नलच्या समासात बेडूक काढणारा. हिवाळ्यात फॉर्म निघतात. बॉम्बे आर्ट सोसायटीकडे विद्यार्थ्यांचीही चित्रं घेतात. राज्य कला प्रदर्शनात विद्यार्थी आणि कलाकार असे वेगळे विभाग असतात. तारखा दर वर्षी हलतात, त्यामुळे त्या संस्थेच्या मूळ सूचनेवरून घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फॉरवर्डवरून नको. पात्रतेची अट दोनदा वाचा. काही ठिकाणी विद्यार्थी म्हणजे कलाशाळेतला विद्यार्थी, तुम्ही बीएस्सीवाले असाल तर दुसऱ्या विभागात पडाल.

आणि पैशांचं गणित आधी करा. जहांगीर गॅलरी १९५२ पासून आहे. पाहणाऱ्याला तिथे प्रवेश फुकट, दाखवणाऱ्याला भाडं. आधी समितीची निवड, मग काही वर्षांची वाट, मग मंगळवार ते सोमवार असा एक आठवडा. तुम्हाला हे कुठेतरी पाहिल्यासारखं वाटेल: वाचक फुकट वाचतो आणि लेखक प्रकाशनाची फी भरतो, ती जर्नल्स. दोन्हीकडे एकच प्रश्न उरतो, फी कुणाला परवडते? भाईंदर पूर्वेला भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलाने भाडं, फ्रेम, टेम्पो, कॅटलॉग हे सगळं सोसून एका आठवड्यात काही विकलं नाही तर पुढच्या वेळी तो काय काढेल? विकलं जाईल ते. गणपती, घोडे, बनारसचे घाट. भिंतीवर लागलेलं पाहून आपण म्हणतो, "मराठी चित्रकार तेच तेच काढतात." ज्यांना फी परवडली नाही त्यांची चित्रं आपण मोजलेलीच नसतात.

शहराकडून मग काय मागायचं? इमारत मागणं सोपं असतं, तिचं उद्घाटन होतं, फोटो येतो. मी महापालिकेकडे वर्षभराचं छापील वेळापत्रक मागेन: कुठल्या आठवड्यात दालन कुणाला, निवड कुणी केली, भाडं किती, स्थानिक विद्यार्थ्यांना किती आठवडे फुकट. ते नसेल तर सुंदर दालनातही लग्नाच्या साड्यांचे सेल लागतात.

सुरुवातीचं विधान तपासायला मात्र चर्चगेटला जायची गरज नाही. नाताळच्या आठवड्यात भाईंदर पश्चिमेहून उत्तनची बस पकडा. उत्तन, चौक, डोंगरी या पट्ट्यात घरांपुढे आणि गल्लीत येशूजन्माचे गोठे उभे राहतात. गवत, माती, गोणपाट, कागदाचे डोंगर, मूर्ती. सगळेच चांगले नसतात, उगाच गहिवरू नका. थर्माकोल आणि लुकलुकणाऱ्या दिव्यांनी अनेक गोठ्यांची वाट लावली आहे, मोठा म्हणजे चांगला हा गैरसमज तिथेही आहेच. पण एखादा असा भेटतो की करणाऱ्याने बेथलेहेम सोडून आपलीच खाडी केलेली असते, होडी आणि जाळ्यासकट. तिथे थांबा. बंदरावर ओढून ठेवलेल्या होड्यांच्या नाळेवरचे रंगही बघा.

वही सोबत न्या. एका गोठ्यासमोर किंवा एका चित्रासमोर पंधरा मिनिटं उभे राहा. डाव्या पानावर फक्त दिसलेलं लिहा: आकार, साहित्य, उजेड कुठून येतो, कोण मोठं कोण लहान. 'सुंदर' हा शब्द डाव्या पानावर चालणार नाही. उजव्या पानावर तुम्हाला वाटलेलं लिहा, आणि प्रत्येक ओळीपुढे डाव्या पानावरच्या कुठल्या ओळीवरून ते म्हणताय तिचा क्रमांक टाका. गोठा करणारी माणसं बहुतेक जवळच खुर्ची टाकून बसलेली असतात. त्यांना विचारायला लाजू नका, पण तुमचं उजवं पान लिहून झाल्यावर विचारा. काहींनी मागच्या वेळी अशी पानं मला पाठवली होती. यंदाही पाठवा, फक्त फोटो सरळ काढा.