बंदरावरील श्वानपथके आणि आनुवंशिक रक्तविकारांची चाचणी : एक चिकित्सा

न्हावा शेवा येथे 1989 मध्ये कार्यान्वित झालेल्या जवाहरलाल नेहरू बंदरासारख्या ठिकाणी श्वानपथके सुरक्षेचे अंग ठरतात. कंटेनरांच्या धातूच्या कडांमधून हुंगत फिरणाऱ्या श्वानास जखम होणे स्वाभाविक आहे. त्याचे रक्त वेळेवर गोठते की नाही, हा प्रश्न म्हणूनच गौण नाही. या दृष्टीने 2017 च्या श्वान पैदास व विक्री नियमांची चिकित्सा आवश्यक ठरते.

या नियमांनी पैदासकारांची नोंदणी सक्तीची केली व पशुवैद्यकाच्या आरोग्य-प्रमाणपत्रास महत्त्व दिले, हे स्वागतार्हच होय. परंतु शारीरिक तपासणीस दिसते तेवढेच असे प्रमाणपत्र सांगू शकते. जर्मन शेफर्डमध्ये आढळणारा हिमोफिलिया 'ए' हा विकार क्ष-गुणसूत्राशी निगडित आहे. त्याची वाहक मादी निरोगी दिसते. तिच्या नर पिल्लांपैकी सरासरी निम्मी मात्र रोगग्रस्त निघतात. डोबरमनमधील फॉन विलब्रँड विकार तर अनेकदा शस्त्रक्रियेच्या वेळीच उघडकीस येतो.

श्वानांतील हिमोफिलिया 'बी'चे एक उत्परिवर्तन 1989 मध्येच निश्चित झाले होते. आज गालाच्या आतील पेशींवरूनही जनुकीय चाचणी होऊ शकते. अर्थात, ती ज्ञात उत्परिवर्तनच ओळखते. शिवाय प्रत्येक विकाराचे सर्व वाहक सरसकट वगळल्यास जातीचे जनुकीय वैविध्य घटते. म्हणून निर्णय विकारानुसार व्हावा : हिमोफिलियाची वाहक मादी पैदाशीतून वगळावी, अप्रभावी विकाराच्या वाहकास निर्दोष जोडीदार द्यावा. सुरक्षादलांनी खरेदीवेळी माता-पित्यांचे चाचणी-अहवाल मागितले, तरी या सुधारणेस प्रारंभ होईल.