चेरोकी लिपीचे युनिकोड-संकेतन : एक चिकित्सा

लिपीचे संगणकीय संकेतन ही निव्वळ तांत्रिक बाब होय, असा समज आपल्या भाषाविभागांतून सर्रास आढळतो. प्रत्यक्षात संकेतन करणारा त्या लिपीविषयी एक मत मांडीत असतो, आणि ते मत पुढे सहसा मागे घेता येत नाही. अमेरिकेतील चेरोकी लिपीच्या आधारे या मुद्द्याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सिक्वोया या चेरोकी कारागिराने 1821 च्या सुमारास ही लिपी सिद्ध केली. त्यास इंग्रजी वाचता येत नव्हते. छापील पुस्तकांतील काही आकृती त्याने उचलल्या, परंतु त्यांचे उच्चार स्वतःचे दिले. त्यामुळे रोमन 'डी'सारखे दिसणारे चिन्ह येथे 'अ' आहे, 'डब्ल्यू'सारखे 'ला' आणि 'एच'सारखे 'मी'. एक चिन्ह म्हणजे बहुधा एक स्वरयुक्त व्यंजन. 1999 मध्ये युनिकोडच्या 3.0 आवृत्तीने या चिन्हांना रोमन अक्षरांहून स्वतंत्र असे 85 संकेतांक दिले. हा निर्णय निःसंशय योग्य होता. आकृतिसाम्यावरून रोमन संकेतांकच वापरले असते, तर 'ला' हा संगणकास कायमचा 'डब्ल्यू'च राहिला असता.

अनुक्रमाबाबत मात्र असे म्हणता येत नाही. संकेतांकांचा क्रम सिक्वोयाचा नसून मिशनरी सॅम्युएल वुस्टर याने स्वर-व्यंजनांनुसार लावलेल्या तक्त्याचा आहे. वापरास तो सोयीचा आहे हे मान्य. पण निर्मात्याचा क्रम संकेतनात उरला नाही, याचीही नोंद व्हावयास हवी.

अधिक गंभीर प्रश्न अक्षरांच्या आकाराचा आहे. 1999 मध्ये ही लिपी एकाच आकाराची, म्हणजे इंग्रजीप्रमाणे कॅपिटल-स्मॉल भेद नसलेली, असे गृहीत धरले गेले. परंतु जुन्या छापील व हस्तलिखित मजकुरात वाक्यारंभीचे वा विशेषनामाचे आद्याक्षर मोठे काढल्याची उदाहरणे होती. 2015 च्या 8.0 आवृत्तीत हा भेद मान्य झाला. तेव्हा पूर्वीची अक्षरे मोठी ठरली, लहान अक्षरांना नवे संकेतांक मिळाले, आणि वापरातून गेलेले 'मं'सदृश 86 वे अक्षरही दाखल झाले.

येथे एक विलक्षण गोष्ट घडली. शोध घेताना आकारभेद मिटविण्यासाठी संगणक सर्वसाधारणपणे मोठ्या अक्षराचे लहान अक्षर करतो. चेरोकीत मात्र लहानाचे मोठे केले जाते. कारण हा भेद मिटविताना एखाद्या अक्षराचे जे रूप एकदा ठरले, ते बदलावयाचे नाही असे युनिकोडचे स्थैर्यधोरण आहे. आणि जुनी अक्षरे तोवर स्वतःच्याच रूपात स्थिर झाली होती. सोळा वर्षांपूर्वीच्या गृहीतकाने अख्ख्या लिपीस अपवाद बनविले. ज्या प्रणालीने हा अपवाद पाळला नाही, तिला नव्या मजकुरातील शब्द जुन्या मजकुरात सापडणार नाही. आणि 2015 पूर्वीच्या फॉन्टमध्ये लहान अक्षरांच्या जागी केवळ रिकामे चौकोन दिसतात.

मग 1999 ची घाई चुकीची होती काय? प्रस्तुत लेखकास तसे वाटत नाही. त्या पायाशिवाय 2010 मध्ये आयफोनवर चेरोकी लिपी आली नसती. 2019 मध्ये चेरोकींच्या तिन्ही शासनमान्य गटांनी आपल्या भाषेसाठी आणीबाणी जाहीर केली. अशा भाषेला पूर्ण निर्दोष संकेतनाची वाट पाहणे परवडणारे नव्हते. आक्षेप एवढाच की, चालू वापरातील अक्षरे मोजली गेली, जुने वाङ्मय पुरेसे तपासले गेले नाही.

मराठी वाचकास हे अपरिचित वाटू नये. 'दऱ्या' या शब्दातील अर्धा र दोन वेगवेगळ्या संकेतक्रमांनी लिहिता येतो. डोळ्यांस दोन्ही सारखेच दिसतात, संगणकास ते भिन्न शब्द आहेत. आपल्या विभागातील शब्दसूचीत हा शब्द दोनदा आलेला पाहून विद्यार्थी प्रथम टंकलेखकास दोष देतात.