गुरूची छाप आणि गुरूचें ऋण

शिष्याच्या चित्रांत गुरूची छाप दिसली नाहीं, कीं गुरूची विद्या वांझ ठरली, असें पुष्कळ टीकाकार सहज म्हणून जातात. फ्रेंच चित्रकार गुस्ताव्ह मोरो यांच्या उदाहरणानें हें मत आम्हांस टिकण्याजोगें वाटत नाहीं.

मोरो १८९२ सालीं पॅरिसच्या सरकारी कलाशाळेंत अध्यापक झाले. त्यांचीं स्वतःचीं चित्रें पौराणिक विषयांचीं, जडावाच्या दागिन्यासारख्या बारीक कामाचीं. परंतु मातीस, रूओ, मार्के या शिष्यांवर त्यांनीं ही शैली लादली नाहीं. लूव्हर संग्रहालयांतील जुन्या चित्रांपुढें त्यांना उभें केलें, आणि ज्याचा मार्ग त्याला मोकळा ठेविला.

१८९८ सालीं मोरो निवर्तले. मातीस व मार्के यांच्या बेबंद रंगांनीं पॅरिसमध्यें खळबळ उडाली ती १९०५ सालीं. मोरो यांच्या राहत्या घराचें संग्रहालय १९०३ सालीं उघडलें, तेव्हां त्याचे पहिले व्यवस्थापक रूओच झाले. पुढें शिष्यांनीं गुरूचे उपकारही मुक्तकंठानें बोलून दाखविले. पण तें ऐकावयास गुरु नव्हते.

आमच्या मतें, गुरूच्या चित्रांसारखीं नसलेलीं तीं चित्रें हीच मोरो यांच्या विद्येची खरी साक्ष होय. तथापि हयात गुरूच्या कानीं पडावयाचा शब्द चित्रानें भरून निघत नाहीं. ज्यांचे गुरु आहेत, त्यांनीं तो वेळींच उच्चारावा.